इथेनॉल स्वस्त आहे, मग महिन्याचा खर्च का वाढला?

"दादा, नमस्कार. आमच्याकडे फ्लेक्स-फ्युएल गाडी आहे, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारी. पहिलं वर्षभर पेट्रोलच भरत होतो, आता गेले काही महिने माझे मिस्टर दर वेळी ई85च भरतात, म्हणजे जास्त इथेनॉल आणि थोडं पेट्रोल असं मिश्रण. त्यांचं म्हणणं, पंपावरचा भाव बघ, पेट्रोलपेक्षा लिटरमागे 18 टक्क्यांनी स्वस्त आहे, म्हणजे तेवढी सरळ बचत. पण घरचा हिशोब मी ठेवते आणि मला बचत कुठेच दिसत नाहीये. आधी महिन्यात तीनदा टाकी फुल करावी लागायची, आता चारदा लागते. ऑफिसचा रस्ता तोच, चालवणारे तेच. मी बोलले की म्हणतात तुला त्यातलं कळत नाही, इथेनॉल इंजिनला चांगलं असतं, आणि मग विषय भांडणावर जातो. इथेनॉल भरून खरंच पैसे वाचतात का? की गाडीतच काही बिघाड आहे? आणि घरात एक जुनी बाइक पण आहे, तिच्यातही हेच भरून बघू असं त्यांच्या डोक्यात आहे, ते चालेल का?"

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तुम्हाला त्यातलं कळतं. चांगलं कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते शेवटपर्यंत मांडलं नाहीत. बघा, पेट्रोलच्या एका फुल टाकीचा खर्च 100 धरा. महिन्यात तीन टाक्या म्हणजे 300. ई85 18 टक्क्यांनी स्वस्त, म्हणजे तीच टाकी 82 ला, पण लागतात चार, म्हणजे 328. तेवढंच अंतर कापायला तुम्ही आता साधारण 9 टक्के जास्त देताय. भाव कमी झाला, बिल वाढलं. पाणी इथेच मुरतंय आणि ते तुम्ही बरोबर पकडलंय.

आणि गाडीत बिघाड नाही, त्याची काळजी सोडा. तीनच्या चार टाक्या होणं म्हणजे अ‍ॅव्हरेज एक चतुर्थांश कमी झालं, आणि ई85 वर एवढा फरक पडू शकतो, गाडी कितीही चांगली असली तरी. मेकॅनिककडे नेऊन प्लग बदल, इंजेक्टर साफ कर असं करत बसू नका, पैसे जातील आणि अ‍ॅव्हरेज तेवढंच राहील.

आता हे होतं का, ते नीट समजून घ्या कारण घरी बोलताना हेच लागणार आहे. आपण पंपावर लिटर विकत घेतो, पण गाडी लिटरवर चालत नाही, लिटरमध्ये जी ऊर्जा असते तिच्यावर चालते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, शुद्ध इथेनॉलच्या एका लिटरमध्ये साधारण 21. म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास. याचं कारण इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन बसलेला असतो, त्याच्या वजनाचा जवळजवळ 35 टक्के भाग ऑक्सिजनच आहे. तो भाग जळून उष्णता देत नाही. चुलीत घालायला आणलेलं लाकूड थोडं आधीच जळून आलेलं असावं, तसं समजा, जळेल छान, पण भाकरी होईपर्यंत लाकडं जास्त लागतील.

इंजिनाच्या बाजूने बघितलं तरी तेच दिसतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे सिलेंडरमध्ये हवा तेवढीच आत आली तर इथेनॉल जास्त सोडावं लागतं. फ्लेक्स-फ्युएल गाडीत हे काम ईसीयू करतो, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरवरून किंवा इंधनाच्या लाइनमधल्या वेगळ्या सेन्सरवरून त्याला कळतं की टाकीत इथेनॉल किती आहे, आणि तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ड्रायव्हरला यातलं काहीच जाणवत नाही, गाडी आधीसारखीच पळते, म्हणून तर मिस्टरांना वाटतं सगळं तसंच आहे. फरक फक्त काट्यात दिसतो, आणि तुमच्या हिशोबात.

आता ई85 या नावाबद्दल. लोकांना वाटतं 85 म्हणजे 85 टक्के इथेनॉल. तसं नसतं हो. अमेरिकेत, जिथे हे इंधन बऱ्याच वर्षांपासून विकलं जातं, तिथे ई85 म्हणून जे मिळतं त्यात इथेनॉल 51 पासून 83 टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतं, ऋतू आणि भाग बघून ते बदलतं. थंडीत इथेनॉल कमी ठेवतात कारण ते गार असताना लवकर वाफ होत नाही आणि गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते. तिथल्या सरकारी मायलेजच्या माहितीत म्हणूनच एक आकडा नसतो, ई85 वर अ‍ॅव्हरेज 15 ते 27 टक्के कमी पडतं असं सांगतात. 15 आणि 27 मध्ये केवढा फरक आहे बघा. 18 टक्के स्वस्त इंधन एकाला बचत देईल आणि दुसऱ्याला खड्ड्यात घालेल, दोघांच्या टाकीत नाव एकच असूनही. तुमच्या गाडीचा फरक 25 टक्के येतोय, म्हणजे तुम्हाला मिळणाऱ्या ई85 मध्ये इथेनॉल बऱ्यापैकी वरच्या बाजूचं असणार असा माझा अंदाज.

म्हणून कुणी म्हणालं की "आमच्या ओळखीत एकाला परवडतं" तर ते खरं असू शकतं, आणि तरीही तुम्हाला परवडत नाही हेही खरंच.

एक 70 टक्क्यांचा नियम पण लोक सांगतात, तुमच्याही कानावर येईल. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल भरा, वर असेल तर पेट्रोल. हा नियम ब्राझीलचा आहे आणि तिथे तो चोख बसतो, पण तो जसाच्या तसा उचलू नका, का ते सांगतो. ब्राझीलमध्ये गाडीवाले जवळजवळ शुद्ध इथेनॉल भरतात ज्यात थोडं पाणीही असतं, त्यामुळे त्याची ऊर्जा अजून कमी. आणि ज्याच्याशी तुलना करतात ते पेट्रोलही तिथे शुद्ध नसतं, त्यात बरीच वर्षं 27 टक्के इथेनॉल मिसळलेलं होतं आणि 2025 च्या ऑगस्टपासून ते 30 टक्के झालं. म्हणजे दोन्ही बाजूंना इथेनॉल आहे. वर पाणीवालं इथेनॉल, खाली इथेनॉलवालं पेट्रोल, भागाकार केला की उत्तर सत्तरच्या आसपास येतं. तुमच्याकडे एका बाजूला ई85 आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या पंपावरचं पेट्रोल, ज्यात 10 टक्के इथेनॉल असेल किंवा 20 असेल. मी कागदावर मांडून बघितलं, ई85 मध्ये 83 टक्के इथेनॉल असेल आणि पेट्रोलमध्ये 10, तर बरोबरीचा भाव साधारण 74 टक्के निघतो. तेच ई85 मध्ये 51 टक्केच असेल तर 85 पर्यंत चालतं. आणि पेट्रोलमध्येच आधीपासून जास्त इथेनॉल असेल तर ते पेट्रोलही थोडं कमकुवत झालेलं असतं, त्यामुळे ई85 ला थोडी सवलत मिळते, बरोबरीचा भाव अजून वर सरकतो. हे मुद्दाम एवढं लांबवलं कारण 70 हा आकडा डोक्यात धरून लोक कधीकधी चांगली संधी सोडतात पण.

तर तुम्हाला दुसऱ्या कुणाचा आकडा नको, तुमच्या गाडीचा आकडा हवा. ई85 वरचं अ‍ॅव्हरेज भागिले पेट्रोलवरचं अ‍ॅव्हरेज. तुमच्या टाक्यांच्या हिशोबाने तो 75 टक्के येतोय, तीन भागिले चार. मग पंपावर गेल्यावर एकच बघायचं, आज ई85 चा भाव पेट्रोलच्या 75 टक्क्यांच्या खाली आहे का? 82 वर आहे तर पेट्रोल भरा. 70 वर आला तर डोळे झाकून ई85 भरा, किलोमीटरमागे साधारण 7 टक्के वाचतील. 75 ला दोन्ही सारखंच, मग जे जवळच्या पंपावर मिळेल ते.

फक्त तो 75 चा आकडा टाक्या मोजून आलाय, आणि टाक्या मोजणं हे थोडं ढोबळ काम आहे. कधी काटा लालवर गेल्यावर भरतो, कधी पाव टाकी असतानाच. म्हणून मी सांगतो तसं एकदा मोजून घ्या, दीड-दोन महिने लागतील पण आयुष्यभराचं काम होईल. मी स्वतः केलंय हे. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे, रबरबँड लावलेली, पेन तिलाच अडकवलेला. प्रत्येक वेळी पंपावर तारीख, किलोमीटर रीडिंग, किती लिटर, कुठलं इंधन, आणि त्या दिवशी दोन्हींचे भाव, एवढंच एका ओळीत. मी पण सुरुवातीला तुमच्या मिस्टरांसारखाच भाव बघून ई85 भरत होतो आणि मनात समाधानी होतो. चौथ्या पानावर पोचलो तेव्हा बेरीज केली, तर पेट्रोलवर 15.2 आणि ई85 वर 11.7. भागाकार 77 टक्के. त्याच ओळीत भाव लिहिलेले होते, बहुतेक वेळा मी ई85 त्याचा भाव पेट्रोलच्या 80 टक्क्यांच्या वर असताना भरलं होतं. म्हणजे चार पानं मी तोट्यात गाडी चालवली आणि मला वाटत होतं मी वाचवतोय. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, पैशापेक्षा याचं की मी घरात सगळ्यांना छातीठोक सांगत होतो.

मोजताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. टाकी नेहमी नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथपर्यंतच भरायची, वरून "अजून थोडं" असं करून दाबून भरायचं नाही, नाहीतर प्रत्येक वेळी लेव्हल वेगळी येते आणि अख्खा हिशोब हलतो. जमलं तर पंप एकच ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंधन बदलल्यावरची पहिली टाकी हिशोबात धरायचीच नाही. कारण टाकी कधीच पूर्ण रिकामी नसते, तळाशी पाच-सात लिटर जुनं राहिलेलं असतंच, त्यात नवं मिसळलं की ना धड हे ना धड ते. ती टाकी जाऊ द्या, पुढच्या दोन टाक्या मोजा, मग परत दुसरं इंधन, पहिली सोडा, दोन मोजा. शक्यतो एकाच ऋतूत उरका, एका बाजूला उन्हाळा एसीसकट आणि दुसऱ्या बाजूला थंडी असं झालं तर फरक इंधनाचा की हवेचा ते कळणार नाही. आणि लांबच्या प्रवासाची टाकी रोजच्या ऑफिसच्या टाकीशी जोडू नका.

मिक्स झालं तर काय असं विचाराल, तर फ्लेक्स-फ्युएल गाडीला मिक्सचा काही त्रास नाही, कुठल्याही प्रमाणात चालतं, त्यासाठीच ती बनवली आहे. फक्त भरून लगेच दोन मिनिटांत बंद करून उभी करू नका, थोडे किलोमीटर चालू द्या म्हणजे ईसीयूला नव्या मिश्रणाची ओळख होते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत तर लिहिलेलंच असतं की इंधन बदलताना अगदी दोन-तीन लिटर न टाकता बऱ्यापैकी भरा आणि मग काही अंतर चालवा.

आता मिस्टरांच्या बाजूने पण बोललं पाहिजे, कारण ते अगदीच चुकीचं नाही बोलत. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा गुण, पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे इंजिन नॉक करत नाही, म्हणजे आत ठोकल्यासारखा आवाज येत नाही, आणि ते वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेतं म्हणून आत जाणारी हवा गार होते. टर्बो इंजिनाला याचा छान फायदा मिळतो, पिकअप जाणवतो. जळतंही स्वच्छ. हे सगळं खरं आहे. पण रस्त्यावरच्या बहुतेक फ्लेक्स गाड्यांचं इंजिन मुळात पेट्रोलवरही चालावं म्हणून बनवलेलं असतं, त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते, पेट्रोलला झेपेल एवढंच ठेवावं लागतं, त्यामुळे इथेनॉलचा तो जास्तीचा ऑक्टेन पूर्ण वापरलाच जात नाही. फक्त इथेनॉलसाठी बनवलेलं इंजिन असतं तर अ‍ॅव्हरेजची भरपाई बरीच झाली असती. दोन्हीवर चालणाऱ्या गाडीत थोडीफार होते, पण 25 टक्क्यांची दरी भरून निघत नाही. इंजिनला चांगलं आणि खिशाला चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरात भांडण होतंय ते त्या एकात गुंडाळल्यामुळे.

पर्यावरणासाठी भरत असतील तर तेही सांगू देत त्यांना. पिकापासून बनलेलं इंधन वापरावं, बाहेरून येणारं तेल कमी जाळावं असं कुणाला मनापासून वाटत असेल आणि त्यासाठी महिन्याला 9 टक्के जास्त द्यायची तयारी असेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण मग घरच्या वहीत त्याला बचत लिहू नका, खर्च लिहा.

इंधनाच्या बिलाबाहेरचे पण खर्च असतात, ते कुणी धरत नाही. टाकी लवकर संपते, म्हणजे पंपावरच्या फेऱ्या वाढतात, तुमच्या बाबतीत महिन्याला एक. पंप वाटेतच असेल तर ठीक, पण ई85 सगळीकडे मिळत नाही आणि त्यासाठी वाकडी वाट करून जावं लागत असेल तर ते जास्तीचे किलोमीटर पण याच हिशोबात आले. इंजिन ऑइलचं पण बघा, थोड्याथोड्या अंतरावर चालणारी गाडी, जिचं इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद होतं, तिच्यात इथेनॉलमुळे ऑइलमध्ये इंधन आणि पाण्याचा अंश जास्त मिसळू शकतो. काही कंपन्या ई85 साठी ऑइल वेगळं सांगतात किंवा ते लवकर बदलायला सांगतात. गाडीची पुस्तिका काढा आणि ते पान वाचा, गॅरेजवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर ई85 भरून ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे लांब जाताना तुम्ही सावध राहाल. मी एकदा बरेच महिने पेट्रोल भरल्यावर प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी ई85 ने टाकी फुल केली. स्क्रीनवर दाखवत होतं, अजून 530 किलोमीटर जाईल. मला जायचं होतं 400. निवांत निघालो, आई मागे झोपलेली, पोरं पण. दोनेक तासांनी लक्षात आलं की गाडी 10 किलोमीटर जाते तेव्हा स्क्रीनवरचा आकडा 15-16 ने खाली येतोय. गाडीने तो 530 आधीच्या पेट्रोलच्या अ‍ॅव्हरेजवरून काढला होता, नव्या इंधनाचा तिला अजून अंदाज आलेला नव्हता. 350 किलोमीटर झाल्यावर पिवळा दिवा लागला. बाहेर अंधार, दोन्ही बाजूंना शेतं, एसी बंद केला, काच खाली केली, आई जागी होऊन विचारते काय झालं आणि मी म्हणतोय काही नाही, हवा येऊ दे. पंप मिळाला तेव्हा स्क्रीनवर आकडा राहिला नव्हता, नुसत्या रेघा होत्या. तेव्हापासून इंधन बदललं की पहिल्या टाकीला स्क्रीनवरच्या आकड्याचे तीन चतुर्थांशच धरायचे, हे मी स्वतःला घालून घेतलंय. तुम्हीही तसंच करा, निदान घरातली माणसं गाडीत असतील तेव्हा.

आता तुम्हाला वाटेल मग फ्लेक्स गाडी घेऊन आपण फसलो का? अजिबात नाही. उलट या गाडीची खरी किंमत कशात आहे ते ब्राझीलच्या लोकांना विचारा. 1973 च्या तेलसंकटानंतर तिथल्या सरकारने 1975 मध्ये उसापासून इथेनॉल बनवायची मोठी योजना काढली. 1979 पासून फक्त इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या गाड्या त्याच होत्या. लोकांनी विश्वासाने घेतल्या. मग तेल स्वस्त झालं, साखरेला भाव चांगला मिळायला लागला, ऊस साखरेकडे वळला आणि 1989 च्या सुमाराला इथेनॉलचा तुटवडा पडला. दुसरं काही भरायची सोयच नसलेल्या गाड्या घेऊन लोक पंपावर रांगा लावून उभे. तो विश्वास जो गेला तो कित्येक वर्षं परत आला नाही. 2003 मध्ये तिथे फोक्सवॅगनच्या 'गोल' नावाच्या गाडीचं फ्लेक्स मॉडेल आलं, दोन्हींवर चालणारं, तेव्हा कुठे लोक परत इथेनॉलकडे वळले, कारण आता कुणी कोंडीत पकडू शकत नव्हतं. तिथे ऊसगाळप चालू असतं त्या महिन्यांत इथेनॉल उतरतं, गाळप थांबलं की चढतं, आणि लोक त्याप्रमाणे नोझल बदलतात.

फ्लेक्स गाडी बचत देते ती अशी. ती तुम्हाला पंपावर उभं राहून "आज कुठलं" असं विचारायचा हक्क देते. तुमचे मिस्टर आधी वर्षभर न बघता पेट्रोल भरत होते आणि आता न बघता इथेनॉल भरताहेत, म्हणजे गाडी फ्लेक्स आहे आणि वापर मात्र एकाच इंधनाचा. तो हक्क वापरा ना, त्याचे पैसे गाडी घेतानाच मोजलेत.

घरी हे कसं काढायचं, त्याचं सांगतो, आणि हे मी भाव-टक्क्यांइतकंच मनापासून सांगतोय. माझं हे उत्तर त्यांच्यापुढे धरू नका. "बघा, दादांनी पण सांगितलं" म्हणालात की संपलं, मग ते इथेनॉलची बाजू अजून घट्ट धरून बसतील. त्यांना भाव बघायची सवय आहे, स्वस्त काय ते शोधायची इच्छा आहे, घरासाठीच करताहेत ते. त्यांना फक्त वही द्या. म्हणा, तुम्ही म्हणता ते खरं असेल, आपण दोन महिने मोजून बघू, लिटर आणि रीडिंग तुम्ही लिहा, बेरीज मी करते. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा माणूस नाकारत नाही, निदान मी तरी नाकारू शकलो नव्हतो. आणि तुम्ही पण मनाची तयारी ठेवा हं, मोजल्यावर आकडा 75 च्या जागी 79 आला आणि भाव उतरून 76 झाला तर त्यांचंच बरोबर ठरेल, मग ते मोकळेपणाने कबूल करा. गाडीत बसल्यावर आठवावं लागू नये म्हणून आलेला आकडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छोट्या स्टिकरवर लिहून ठेवा, मी तसंच केलंय, झाकण उघडलं की 77 समोर. वर्षातून एकदा परत मोजा, मिश्रण बदलतं, टायर बदलतात, गाडी पण जुनी होते.

राहिली बाइक. तिथे मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो, आणि हे मिस्टरांना आजच सांगा, दोन महिने थांबू नका. जुन्या बाइकला कार्बोरेटर असणार, म्हणजे हवेत इंधन मिसळणारा साधा भाग, त्याच्या जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या नळीचं, भोक ठरलेलं असतं, इथेनॉल आहे म्हणून जास्त इंधन सोडावं हे त्याला कळत नाही. इंधन कमी आणि हवा जास्त अशी स्थिती झाली की इंजिन झटके घेतं, तापतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनला धोका होतो. शिवाय जुन्या गाडीतले रबराचे पाइप, वॉशर, फ्लोटचं प्लॅस्टिक, अ‍ॅल्युमिनियमचे भाग हे एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, रबर फुगतं, चिरतं, आणि पाइपमधून गरम इंजिनावर इंधन ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. ई85 फक्त त्याच गाडीत, जिच्या टाकीच्या झाकणाजवळ किंवा पुस्तिकेत फ्लेक्स-फ्युएल किंवा ई85 असं कंपनीने लिहिलेलं आहे. बाइकच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं ते दिलेलं असेल, त्याच्या वर जायचं नाही. आणि त्यांनी आधीच एकदा भरून बघितलं असेल तर ती चालवून संपवायच्या भानगडीत पडू नका, गॅरेजमध्ये टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून घ्या, पाइप बघायला सांगा, मगच किक मारा.